पेटीमागचा माणूस

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही पालमला घरी आलात. नांदेडला किंवा परभणीला कॉलेजात शिकता, म्हणजे जगातल्या सगळ्या वायरी तुम्हाला जोडता येतात, असं घरच्यांचं ठाम मत आहे. दारातून आत पाऊल टाकलं नाही तोच काम समोर येतं. नवा टीव्ही आणलाय, पेटी जुनीच आहे, आणि दोन दिवसांपासून पडद्यावर 'नो सिग्नल' एवढंच दिसतंय. आजीची मालिका बुडाली आहे. आता तुमची परीक्षा.

काम तसं सोपं आहे. आधी पेटी आणि टीव्ही दोन्हींचं बटण भिंतीवरून बंद करा. छतावरच्या छत्रीकडून आलेली काळी किंवा पांढरी जाड वायर पेटीच्या मागे आट्यांच्या तोंडावर बसवा, हाताने घट्ट फिरवा. मधली तांब्याची तार वाकलेली नको आणि भोवतीच्या जाळीला चिकटलेली नको. पेटीतून टीव्हीकडे एचडीएमआयची वायर घाला. जुना टीव्ही असेल तर तीन पिना असतात: पिवळी चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. मग बटण चालू करा आणि टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून वायर ज्या भोकात घातली तेच नाव निवडा. दहातल्या आठ वेळा गडबड इथेच असते. वायर बरोबर असते, टीव्हीच दुसऱ्या दारात वाट बघत बसलेला असतो.

आधी बटण बंद करायला का सांगितलं? कारण त्या एकाच वायरीतून दोन उलट प्रवास चालतात. वरून सिग्नल खाली येतो आणि खालून पेटी वरच्या छत्रीच्या तोंडाशी बसवलेल्या डबीला वीज पाठवते, साधारण 13 किंवा 18 व्होल्टची. चालू पेटीला वायर लावताना तार जाळीला टेकली तर पेटी बिघडू शकते.

आता चित्र आलं. आजी खुश. तुम्ही जरा गच्चीवर जा आणि छत्रीकडे बघा. फ्री डिशची असेल तर तिचं तोंड आग्नेयेकडे, म्हणजे दक्षिण आणि पूर्वेच्या मधोमध असेल. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर एक उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरत असतो, म्हणून तो आपल्याला एका जागी खिळल्यासारखा वाटतो. छत्री त्याच्याकडे बघत असते.

गावातल्या छपरावरची छत्री आभाळाकडे बघेल, आणि ती आधी खेड्यात यावी, शहरात नंतर आली तरी चालेल, हा विचार आपल्या देशात ज्या माणसाने चिकाटीने लावून धरला, त्याची ही गोष्ट आहे. नाव तुम्हाला माहीत आहे. विक्रम साराभाई. शाळेच्या पुस्तकात ते रॉकेटसोबत भेटतात, पण टीव्हीच्या पेटीमागे ते उभे आहेत हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

गिरणीमालकाचा मुलगा

12 ऑगस्ट 1919 ला अहमदाबादमध्ये विक्रम यांचा जन्म झाला. वडील अंबालाल साराभाई मोठे गिरणीमालक, आई सरलादेवी. आठ भावंडं. घर म्हणजे शाहीबागेतला मोठा बंगला, आणि शाळा त्या घरातच. आईवडिलांनी मुलांसाठी मॉन्टेसरी पद्धतीची खास शाळा काढली होती. घरी येणारे पाहुणेही साधे नव्हते. गांधीजी, रवींद्रनाथ टागोर, नेहरू यांचं येणंजाणं होतं. मोठी बहीण मृदुला स्वातंत्र्यलढ्यात उतरली.

लहानपणी विक्रम यांना यंत्रांचा नाद होता. घरच्या कार्यशाळेत त्यांनी वाफेवर चालणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाची चालती प्रतिकृती बनवली. तुमच्यापैकी अनेकांनी मोटार जळालेला पंखा किंवा बंद पडलेला रेडिओ उघडून पाहिला असेल. नाद तोच, फक्त त्यांच्याकडे साधनं भरपूर होती. हे आधीच सांगून टाकायला हवं. हा माणूस गरिबीतून वर आलेला नाही. सगळं मिळालेलं होतं. मिळालेल्याचं पुढे काय केलं, त्यासाठी त्याची गोष्ट सांगायची.

गुजरात कॉलेजनंतर ते केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेजात गेले. 1940 मध्ये तिथली परीक्षा पास झाले. तोवर दुसरं महायुद्ध पेटलं होतं. ते भारतात परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर काम करू लागले. अंतराळातून सतत पृथ्वीवर येणारे हे कण मोजण्यासाठी त्यांनी उपकरणं बनवली आणि ती काश्मीरच्या उंच डोंगरांवरही नेली. बंगळूरलाच नृत्यांगना मृणालिनी स्वामीनाथन यांची भेट झाली. 1942 मध्ये दोघांचं लग्न झालं. युद्ध संपल्यावर विक्रम पुन्हा केंब्रिजला गेले आणि 1947 मध्ये डॉक्टरेट घेऊन आले.

इथे क्षणभर थांबा. वय 28. घरी गिरण्या आहेत, औषधांचा कारखाना आहे. परदेशात राहायचं ठरवलं असतं तर कुणी अडवलं नसतं. त्यांनी काय केलं? नोव्हेंबर 1947 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याला तीन महिने झाले असताना, अहमदाबादच्या एका कॉलेजातल्या दोन-चार खोल्यांत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली. आज आपण जिला पीआरएल म्हणतो ती हीच. कापड गिरण्यांच्या संशोधनासाठी अटिरा ही संस्थाही त्याच सुमारास उभी राहिली. 1961 मध्ये अहमदाबादची आयआयएम स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले मानद संचालक तेच होते. तुमच्यातलं कुणी कॅटची तयारी करत असेल तर हेही लक्षात ठेवा.

चर्चमधलं रॉकेट केंद्र

1962 मध्ये अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली गेली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. चुंबकीय विषुववृत्ताजवळची जागा हवी होती. केरळात तिरुवनंतपुरमजवळचं थुंबा हे कोळ्यांचं गाव सापडलं. ही जागा शोधण्यात कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस त्यांच्यासोबत होते. गावकऱ्यांनी आणि तिथल्या बिशपनी चर्चची इमारत विज्ञानासाठी दिली. चर्चमध्ये कचेरी, बिशपच्या घरात कार्यशाळा. रॉकेटचे भाग सायकलवरून नेतानाचा तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. 21 नोव्हेंबर 1963 ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं. ते अमेरिकेहून आलेलं छोटं रॉकेट होतं.

तेव्हा लोकांनी विचारलं ते आजही विचारतात. ज्या देशात पोटभर अन्न नाही, त्याला अंतराळ कशाला? प्रश्न अगदी योग्य होता. 1965 आणि 1966 ही सलग दुष्काळाची वर्षं होती, परदेशातून गहू आणावा लागत होता. साराभाईंनी हा प्रश्न झटकला नाही. श्रीमंत देशांशी चंद्रावर जाण्याची शर्यत लावायची नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. पण शेती, शिक्षण, हवामान, दळणवळण या आपल्या रोजच्या अडचणींवर नवं तंत्रज्ञान वापरण्यात आपण मागे राहता कामा नये, अशी त्यांची भूमिका होती. आणि त्या यादीत टेलिव्हिजन वर होता.

कॅनॉलच्या शेपटीचा प्रश्न

टेलिव्हिजनचं त्यांचं म्हणणं समजून घ्यायला पुस्तक नको, आपला कॅनॉल पुरे. जायकवाडीचं पाणी सुटलं की आधी कुणाला मिळतं? तोंडाजवळच्याला. शेपटीकडचा शेतकरी वाट बघतो आणि त्याच्यापर्यंत येईतो पाळी संपते.

टीव्हीचंही तसंच होणार होतं. 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत टीव्ही सुरू झाला. जमिनीवरचा मनोरा उभारला की त्याच्या आसपास काही किलोमीटरच चित्र पोचतं. मग दुसऱ्या शहरात मनोरा, तिसऱ्या शहरात मनोरा. आधी मुंबई, मग पुणे, मग जिल्ह्याची गावं. या हिशेबाने आपल्यासारख्या तालुक्यांचा आणि त्याखालच्या खेड्यांचा नंबर कधी लागला असता, तुम्हीच अंदाज करा.

उपग्रहाला शेपूट नसते. तो 36 हजार किलोमीटरवरून बघतो, त्याला मुंबई आणि मुदखेड सारखंच जवळ. इंग्लंडच्या आर्थर क्लार्क यांनी 1945 मध्ये अशा स्थिर उपग्रहांची कल्पना मांडली होती. साराभाईंनी ती उचलली आणि क्रम उलटा करायला सांगितला. टीव्ही सगळ्यात आधी तिथे न्यावा, जिथे सिनेमागृह नाही, वर्तमानपत्र उशिरा पोचतं आणि शाळेत एकच मास्तर आहे. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला एका पडद्याचा उपयोग सगळ्यात जास्त होणार. शेतकऱ्याला बियाण्याची माहिती, बाईला बाळाच्या आरोग्याची, पोराला विज्ञानाची.

24 जानेवारी 1966 ला होमी भाभा विमान अपघातात गेले आणि त्यानंतर अणुऊर्जा आयोगाचं अध्यक्षपदही साराभाईंकडे आलं. कामाचा डोंगर झाला. तरी टीव्ही सुटला नाही. 26 जानेवारी 1967 ला दिल्लीच्या भोवतालच्या 80 गावांत सामूहिक टीव्ही संच ठेवून शेतकऱ्यांसाठी 'कृषी दर्शन' सुरू झालं. त्यामागे त्यांचा पुढाकार होता. 15 ऑगस्ट 1969 ला इस्रोची स्थापना झाली. त्याच वर्षी 18 सप्टेंबरला अमेरिकेच्या नासाशी करार झाला: त्यांचा एक शक्तिशाली उपग्रह एक वर्षासाठी भारताकडे वळवायचा आणि खेड्यांत थेट टीव्ही दाखवायचा. उपग्रह त्यांचा, पण जमिनीवरचं सगळं आपलं. छत्र्या, पेट्या, संच, कार्यक्रम. ही अट महत्त्वाची होती. उसनं उपकरण परत जातं, पण ते वापरताना हाताला आलेलं कसब आपल्याकडे राहतं.

मग 30 डिसेंबर 1971 उजाडला. थुंब्याच्या कामासाठी ते केरळात गेले होते. कोवळमच्या हॉटेलात रात्री झोपले आणि सकाळी उठले नाहीत. वय 52. कराराला दोन वर्षं झाली होती. अजून एकाही खेड्यात छत्री लागलेली नव्हती.

खुराड्याच्या जाळीची छत्री

माणूस गेला की काम थांबतं, हे आपण पुष्कळदा पाहतो. इथे थांबलं नाही. साराभाईंनी जमवलेल्या तरुण इंजिनिअरांनी ते पुढे नेलं. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राची धुरा यशपाल यांनी घेतली, चिटणीस या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते. प्रयोगाला साईट असं छोटं नाव पडलं. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976, बरोबर एक वर्ष. सहा राज्यं आणि सुमारे 2400 खेडी: राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक.

महाराष्ट्र त्यात नव्हता. पण कर्नाटकातल्या गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर जिल्ह्यांतली गावं होती. नकाशा उघडा. पालमपासून सरळ दक्षिणेला रेघ ओढली की दोनशे किलोमीटरांच्या आत गुलबर्गा येतं. तीच काळी माती, तीच तूर, तीच ज्वारी. तुमच्या आजोबांनी टीव्ही पाहिलाही नसेल तेव्हा शेजारच्या मुलखात शाळेच्या किंवा पंचायतीच्या अंगणात माणसं संध्याकाळी पडद्यासमोर बसत होती.

ती छत्री कशी होती? दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची. स्वस्त, हलकी, गावात दुरुस्त होईल अशी. तिचं तोंड आजच्यासारखं आग्नेयेला नव्हतं, जवळजवळ पश्चिमेला होतं, कारण तो उपग्रह आफ्रिकेच्या वर उभा होता. छत्रीतून वायर उतरून एका पेटीत जायची. उपग्रहाचा सिग्नल साध्या टीव्हीला कळत नसे. ही पेटी त्याचं रूपांतर करायची आणि टीव्हीला समजेल असं चित्र द्यायची. आता सांगा, तुम्ही दुपारी जोडलेली पेटी दुसरं काय करते? आत चिप आहे, सिग्नल डिजिटल आहे, शेकडो वाहिन्या आहेत. पण काम तेच. आभाळाची भाषा टीव्हीच्या भाषेत सांगायची.

रोज चार तास कार्यक्रम. सकाळी शाळेच्या पोरांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. एका चित्रासोबत दोन भाषांचे आवाज पाठवायची सोय होती. जिथे वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालवले. संच बिघडला की दुरुस्तीला माणूस पोचेल अशी व्यवस्था आधीच लावलेली होती. पहिल्या दिवसांत तुफान गर्दी झाली, पुढे ती ओसरली. प्रयोगाने सगळं बदललं असं कुणी म्हणू नये. पण खेड्यातला अशिक्षित माणूस पडद्यावरून शिकू शकतो आणि आपले इंजिनिअर असलं जाळं उभारून चालवू शकतात, हे दोन्ही सिद्ध झालं.

आणि 31 जुलै 1976 नंतर उपग्रह परत गेला. अनेक गावांचे पडदे कोरे झाले. उसन्या बैलावर पेरणी झाली होती, आता आपला बैल घ्यायचा होता. तो यायला 1983 उजाडलं. त्या वर्षी इन्सॅट-1बी वर गेला आणि त्याच्या जोरावर देशभर छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. पुढची गोष्ट घरातल्या मोठ्यांना विचारा: गल्लीतला एकच टीव्ही, गच्चीवरचा अँटेना फिरवणारा काका, पडद्यावरच्या मुंग्या आणि खालून ओरडणारी सगळी मंडळी. मग केबलवाला आला, मग छत्री आली. ग्रामीण भागात 2017 च्या मार्चपर्यंत केबल डिजिटल करायचं ठरलं आणि पेटी घरोघरी पोचली.

रिमोट तुमच्या हातात

आज साराभाईंची आठवण जपणाऱ्या जागा खूप आहेत. तिरुवनंतपुरमचं अवकाश केंद्र त्यांच्या नावाचं आहे. आपल्या महाराष्ट्रात नारायणगावजवळ आर्वीला उभारलेल्या उपग्रह भूकेंद्रालाही विक्रम हेच नाव दिलं गेलं. चंद्रावर उतरलेल्या लँडरचं नावही विक्रम. पण खरी आठवण तुमच्या घरात टीव्हीखालच्या फळीवर आहे, धूळ बसलेली, मागे वायरींचा गुंता घेऊन.

त्यांना हवं होतं ते सगळं झालं का? नाही. पेटी शेवटच्या घरापर्यंत पोचली, हे झालं. पण तिच्यातून काय यावं याचा जो विचार होता, तो बराचसा मालिका आणि भांडणाच्या चर्चांखाली दबला. यात आजीचा दोष नाही. दिवसभर राबलेल्या बाईने तासभर मालिका पाहिली तर तिला बोलायचा अधिकार कुणाला नाही.

पण तुमचं काय? 2017 मध्ये सरकारने 'स्वयंप्रभा' नावाने 32 शैक्षणिक वाहिन्या उपग्रहावरून मोफत सुरू केल्या. विद्यापीठाच्या विषयांपासून स्पर्धा परीक्षांपर्यंतचे तास त्यांवर चालतात. इंटरनेटचा डेटा लागत नाही, रेंज जाण्याची भीती नाही. क्लाससाठी लातूरला खोली घेणं ज्यांना परवडत नाही, त्यांच्या घरी हा वर्ग आधीच येऊन बसला आहे. आपण फक्त कधी तो नंबर दाबला नाही.

म्हणून आज काम संपल्यावर एवढंच करा. मालिका संपली, आजी झोपली की रिमोट घ्या आणि सगळ्या वाहिन्या एकदा शोधून काढा. तुमच्या विषयाची सापडली तर तिचा नंबर कागदावर लिहून पेटीवर चिकटवा. तुमच्या नाही तर शेजारच्या बारावीतल्या पोरीच्या कामाला येईल. ती विचारायला आली तर तिला पेटी जोडूनही द्या, आणि जोडायची कशी तेही शिकवा. पुढच्या वेळी तिने तुमची वाट बघायला नको.